स्त्रीवादी आणि लेस्बियन कोरस : पन्नास वर्षांच्या कार्यक्रमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या स्त्रीवादी आणि लेस्बियन स्त्रियांच्या कोरसांचा विषय निघाला की मराठी मंडळींकडून ठरावीक प्रश्न येतात. काही कुतूहलाने विचारलेले, काही जरा खोचक. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. इतिहास सांगताना शक्यतो कार्यक्रमांचाच धागा धरला आहे. कोरसच्या घटनेत किंवा उद्दिष्टांत काय लिहिलंय त्यापेक्षा मंचावर काय गायलं, कुणी गायलं आणि समोर कोण बसलं होतं, यावरून जास्त कळतं असं माझं मत आहे.

हे कोरस म्हणजे नक्की काय? चर्चमधल्या गायनासारखंच ना?

रचना तीच. सोप्रानो, आल्टो असे आवाजांचे गट, प्रत्येकाची चाल वेगळी, समोर कंडक्टर. गोव्याच्या किंवा वसईच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक बाकीच्या गोष्टींत आहे. इथे गाणाऱ्या बायका व्यावसायिक गायिका नसतात. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी बस चालवणारी. आठवड्यातून एका संध्याकाळी तालीम असते. सभासद वर्गणी भरतात आणि त्यातून कंडक्टरचं मानधन, हॉलचं भाडं, स्वरलिपीच्या प्रतींचा खर्च निघतो. बहुतेक ठिकाणी वर्षाला दोन मोठे कार्यक्रम होतात, एक हिवाळ्यात आणि एक वसंतात किंवा जूनमध्ये. मधल्या काळात मोर्चे, निदर्शनं, प्राइड, कुणाचा तरी स्मृतिदिन, जिथे बोलावणं येईल तिथे गायचं.

सुरुवात कुठे झाली?

1975 मध्ये फिलाडेल्फियात. कॅथरीन रोमा या तरुण कंडक्टरने 'अ‍ॅना क्रूसिस विमेन्स क्वायर' सुरू केला. अ‍ॅना नावाची कुणी बाई नव्हती, 'अ‍ॅनाक्रूसिस' (पहिल्या जोरकस ठोक्याच्या आधी येणारे सूर) या संगीतातल्या संज्ञेवर केलेला तो विनोद आहे. आज अमेरिकेत चालू असलेला हा सर्वात जुना स्त्रीवादी कोरस. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये स्यू फिंक यांनी विमेन्स कम्युनिटी कोरस उभा केला, मिनिआपोलिसमध्ये कॅलिओपी निघाला. 1980 च्या सुमारास शिकागोत आर्टेमिस सिंगर्स आला, ज्याने स्वतःची ओळख पहिल्यापासून 'लेस्बियन फेमिनिस्ट कोरस' अशी सांगितली.

हे कोरस हवेतून आले नव्हते. 1973 मध्ये वॉशिंग्टनमध्ये ऑलिव्हिया रेकॉर्ड्स ही स्त्रियांनी चालवलेली ध्वनिमुद्रण कंपनी निघाली होती. 1974 मध्ये इलिनॉयमध्ये पहिला राष्ट्रीय विमेन्स म्युझिक फेस्टिव्हल भरला, 1976 मध्ये मिशिगनचा. गिटार घेऊन एकटी गाणारी बाई या चळवळीत आधीच होती. कोरसने त्यात भर घातली ती एवढीच की जिला एकटीने गाता येत नाही तिलाही गाता यायला लागलं. माझ्या लेखी ही भर फार मोठी आहे.

लेस्बियन बायका इतक्या असताना नावात फक्त 'विमेन्स' का?

कारण त्या काळी अमेरिकेत 'विमेन्स म्युझिक' म्हटलं की कळणाऱ्यांना कळायचं. चर्चचा हॉल मागताना, वर्तमानपत्रात कार्यक्रमाची जाहिरात देताना हा शब्द खपून जायचा. शिवाय नोकरी जायची भीती खरी होती. आई लेस्बियन आहे एवढ्या कारणावरून कोर्टाने मुलांचा ताबा काढून घेतल्याची प्रकरणं सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत घडत होती. अशा बाईचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापणं म्हणजे पुरावाच हातात देणं. म्हणून काहींची पूर्ण नावं छापली जात नसत. मंचावर उभी राहून पाचशे लोकांसमोर गाणारी बाई कागदावर मात्र नाही, ही त्या काळातली विसंगती.

आणि सगळ्याच जणी लेस्बियन नसायच्या हेही खरं.

पहिल्या कार्यक्रमांत गायल्या तरी काय?

हा सर्वात रंजक प्रश्न, आणि तो फार कमी जण विचारतात.

स्त्रियांच्या आवाजांसाठी छापील संगीत मिळत होतं. पण त्यातलं बरंचसं शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी पुरुषांनी लिहिलेलं, फुलं, वसंत, झोपलेलं बाळ, दूर गेलेला प्रियकर असल्या विषयांचं. ते गोड गळ्याने गाऊन संध्याकाळ साजरी करायची तर नवा कोरस काढायचाच कशाला? मग या बायकांनी तीन वाटा धरल्या.

पहिली वाट मागे जायची. बाराव्या शतकातली जर्मन मठवासी हिल्डेगार्ड फॉन बिंगेन, एकोणिसाव्या शतकातली फॅनी मेंडेल्सझोन, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची लिली बुलांजे यांचं संगीत ग्रंथालयांतून शोधून काढायचं. फॅनीची काही गाणी तर आधी भावाच्या, फेलिक्सच्या नावावर छापली गेली होती. रोमा यांनी पुढे डॉक्टरेटसाठी विषय घेतला तोही विसाव्या शतकातल्या ब्रिटिश स्त्री संगीतकारांचा, एलिझाबेथ लटयेन्स, एलिझाबेथ मकोन्की आणि थिया मस्ग्रेव्ह यांचा.

दुसरी वाट चळवळीच्या गाण्यांची. इथे 'ब्रेड अँड रोझेस'चं उदाहरण घेण्यासारखं आहे. जेम्स ओपनहाइम यांची ही कविता डिसेंबर 1911 मध्ये छापून आली. लोक तिचा संबंध मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या गिरणी संपाशी जोडतात, पण तो संप 1912 च्या जानेवारीत सुरू झाला, म्हणजे कविता आधीची. सत्तरच्या दशकात मिमी फारिन्या यांनी तिला नवी चाल लावली आणि त्या चालीत ती कोरसांनी उचलली. शब्द पुरुषाचे, चाल बाईची, गाणाऱ्या बायका. कुणी तक्रार केली नाही.

तिसरी वाट सर्वात खर्चाची आणि सर्वात फळलेली. नवं संगीत लिहवून घ्यायचं. एका कोरसला संगीतकाराचं मानधन परवडत नसे, म्हणून अनेक कोरस मिळून पैसे काढत आणि तीच रचना वेगवेगळ्या शहरांत गात. यातून स्त्रियांच्या समूहगानाचा नवा साठाच तयार झाला. आर्टेमिस सिंगर्स तर फक्त स्त्रियांनी रचलेलं किंवा स्त्रियांनी बांधलेलं संगीत गातात. असला नियम ऐकला की आधी आडमुठेपणा वाटतो. पण मोठमोठ्या वाद्यवृंदांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं एकही स्त्री संगीतकार नसे आणि त्याला कुणी नियम म्हणत नसे, हे आठवलं की वाटणं कमी होतं.

एथेल स्मिथ कोण? प्रत्येक कोरसच्या इतिहासात तिचं नाव येतं.

इंग्लंडची संगीतकार. तिची प्रेमं बहुतांशी स्त्रियांवर होती आणि तिने ते फारसं लपवलं नाही. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांसाठी तिने 1910 मध्ये 'द मार्च ऑफ द विमेन' रचलं, शब्द सिसिली हॅमिल्टन यांचे. जानेवारी 1911 मध्ये ते लंडनमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. 1912 मध्ये एका मंत्र्याच्या घराची काच फोडल्याबद्दल स्मिथला दोन महिन्यांची शिक्षा झाली आणि तिला हॉलोवे तुरुंगात टाकलं. कंडक्टर टॉमस बीचम तिला भेटायला गेले तर खाली अंगणात कैदी बायका फेऱ्या मारत हेच गाणं म्हणत होत्या आणि वरच्या खिडकीतून स्मिथ टूथब्रशने ताल देत होती. हा प्रसंग बीचमनीच सांगितलेला आहे. स्त्रीवादी कोरसांना कूळ शोधायचं झालं तर ते तिथे सापडतं. हे गाणं अजून कार्यक्रमांत असतं, आणि एखादी तरी कंडक्टर टूथब्रश काढतेच.

कार्यक्रमाच्या शेवटी सगळे उभे राहून एक गाणं म्हणतात. ते कोणतं?

कोरसप्रमाणे बदलतं, पण वर्षानुवर्षं ते हॉली निअर यांचं 'सिंगिंग फॉर अवर लाइव्ह्ज' असायचं. 27 नोव्हेंबर 1978 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत नगरपालिकेचे समलिंगी सदस्य हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचे खून झाले. त्या संध्याकाळी हजारो लोक मेणबत्त्या घेऊन सिटी हॉलकडे चालत गेले. नुकताच सुरू झालेला, पहिली तालीम होऊन चारच आठवडे झालेला सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस तिथल्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि फेलिक्स मेंडेल्सझोनची रचना गायला. तोच त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम. निअर यांचं गाणं त्या खुनांनंतरचं.

गाणं मुद्दाम सोपं आहे. प्रत्येक कडव्यात एक ओळ बदलते, 'आम्ही कोण' ते सांगणारी, बाकी सगळं तसंच राहतं. त्यामुळे त्या रिकाम्या जागेत गर्दी स्वतःला घालू शकते: तरुण आणि म्हातारे, समलिंगी आणि इतर, निरनिराळ्या वर्णांचे. कागद वाटावा लागत नाही. 1993 मध्ये युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट पंथाच्या भजनसंग्रहात ते छापलं गेलं. रस्त्यावरच्या संतापातून आलेलं गाणं रविवारच्या प्रार्थनेत पोचायला पंधराएक वर्षं लागली.

गे पुरुषांच्या कोरसांशी यांचं नातं कसं होतं?

नातं होतं, कुरबुरीही होत्या. 1982 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या पहिल्या गे गेम्सच्या, म्हणजे समलिंगी खेळाडूंच्या क्रीडास्पर्धांच्या, निमित्ताने गे-लेस्बियन कोरस एकत्र जमले, 1983 मध्ये न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये मोठा मेळावा झाला आणि 'गाला कोरसेस' ही संघटना उभी राहिली. तिचे महोत्सव मिनिआपोलिस, सिअ‍ॅटल, डेन्व्हर, टँपा, सॅन होजे, माँट्रियल असे फिरत राहिले. स्त्रियांचे कोरस त्यात होते, पण संख्येने आणि पैशाने पुरुषांचे कोरस भारी. त्यांना मोठी सभागृहं, मोठे देणगीदार मिळत.

दुसरीकडे 1981 पासून 'सिस्टर सिंगर्स नेटवर्क' होतंच. स्त्रीवादी कोरसांचं हे सैलसर जाळं. स्वरलिपींची देवघेव, एकत्र रचना लिहवून घेणं, दर काही वर्षांनी महोत्सव. अनेक कोरस दोन्हीकडे होते.

मग एड्स आला. पुरुषांच्या कोरसांनी एकेका वर्षात अनेक सभासद गमावले. त्या वर्षांत कितीतरी लेस्बियन स्त्रिया आजारी मित्रांच्या उशाशी बसल्या आणि एकत्र स्मृतिकार्यक्रमही झाले. जुन्या कुरबुरी त्याने मिटल्या असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण एकाच मंचावर उभं राहण्याची सवय तेव्हा लागली.

या सगळ्या गोऱ्याच होत्या ना?

बऱ्याच अंशी हो. हा आक्षेप बाहेरून आलेला नाही, आतूनच आला.

बर्निस जॉन्सन रेगन यांचं नाव इथे घ्यावंच लागतं. साठच्या दशकात जॉर्जियातल्या अल्बनीच्या नागरी हक्क चळवळीत त्या गाऊ लागल्या, फ्रीडम सिंगर्समध्ये होत्या, आणि 1973 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये 'स्वीट हनी इन द रॉक' हा कृष्णवर्णीय स्त्रियांचा गट काढला. 1981 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका स्त्री-संगीत महोत्सवात त्यांनी भाषण केलं ते आजही वाचलं जातं. त्यांचा मुद्दा असा की फक्त आपल्यासारख्यांची बंद खोली म्हणजे आघाडी नव्हे. खऱ्या आघाडीत माणूस सुखाने बसूच शकत नाही. महोत्सवात विसावायला आलेल्या बायकांना हे ऐकणं जड गेलं असणार.

कॅथरीन रोमा शिकण्यासाठी सिनसिनाटीला गेल्या आणि 1984 मध्ये त्यांनी तिथे 'म्यूज' हा दुसरा कोरस काढला. या कोरसचं वेगळेपण हेच की सर्व वंशांच्या स्त्रियांचा कोरस होणं हे त्याने काम म्हणून अंगावर घेतलं. 'आमचे दरवाजे सर्वांना उघडे आहेत' एवढं म्हणून थांबले नाहीत. कृष्णवर्णीय परंपरेतली गाणी गायची तर ती परंपरा जगलेल्यांना बोलावून त्यांच्याकडून शिकायची. रेगन यांचं 'एलाज साँग' अशा कोरसांच्या कार्यक्रमात हमखास दिसतं. एला बेकर या नागरी हक्क कार्यकर्तीच्या शब्दांवर ते उभं आहे: काळ्या आईच्या मुलाचा खून गोऱ्या आईच्या मुलाच्या खुनाइतकाच महत्त्वाचा ठरेपर्यंत थांबता येणार नाही, हा त्याचा आशय. हे गाणं गोऱ्या बायकांनी नुसतं सुरात गाणं आणि त्याचा अर्थ अंगावर घेऊन गाणं यात फरक आहे, आणि म्यूजच्या तालमींत वेळ त्या फरकावर जात असे.

याच सिनसिनाटीत 1993 मध्ये मतदारांनी समलिंगी व्यक्तींना संरक्षण देणारा कायदा करायलाच शहराला मनाई करणारी दुरुस्ती मंजूर केली. ती रद्द व्हायला 2004 उजाडलं. म्हणजे अकरा वर्षं हा कोरस अशा शहरात उघडपणे गात होता. रोमा यांनी 1993 मध्ये तिथून जवळच्या एका तुरुंगातल्या पुरुष कैद्यांचाही कोरस उभा केला, पण तो वेगळा विषय.

ऑडिशन नसते म्हणतात. मग गातात तरी बऱ्या का?

काही ठिकाणी ऑडिशन असते, काही ठिकाणी फक्त आवाजाचा पल्ला पाहून जागा ठरते. ज्यांच्याकडे अजिबात चाळणी नाही तिथे पहिल्या गाण्यात सूर डळमळतो, हे मान्य करायला हरकत नाही. पण खालच्या पट्टीच्या आल्टो आवाजांचा जो भरीव नाद इथे ऐकू येतो तो मुलींच्या सुबक कोरसमध्ये मिळत नाही. 'जरा हळू गा, तुझा आवाज बायकी नाही' असं शाळेत ऐकलेल्या बायका इथे शेवटच्या रांगेत उभ्या राहून छाती भरून गातात. मला तो आवाज आवडतो. परीक्षकाला आवडेलच असं नाही.

मंचावर कोरसच्या बाजूला एक बाई हातवारे करत असते, ती कोण?

सांकेतिक भाषेची दुभाषी. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी. अमेरिकन संगीतक्षेत्रात ही प्रथा रुजवण्यात स्त्री-संगीताच्या वर्तुळाचा मोठा वाटा आहे. स्वीट हनीने तर 1980 पासून दुभाष्या बाईला गटाची सभासदच करून घेतलं, ती बाकीच्यांबरोबरच मंचावर असे. हे काम आयत्या वेळी होत नाही. गाण्याचे शब्द तिला आधी द्यावे लागतात, ती तालमींना येते, कारण गाण्यात एकच ओळ चार वेळा आली तर चारही वेळा तिचे हात तसेच चालत नाहीत. कपडे साधे, गडद, हात ठळक दिसतील असे, आणि तिच्यावर वेगळा दिवा. चांगली दुभाषी असली की ऐकू येणारेही अर्धा वेळ तिच्याकडेच बघत असतात.

याच विचारातून तिकिटाचे दरही आले: ऐपतीप्रमाणे द्या, नसतील तर तसंच आत या. अनेक ठिकाणी कार्यक्रमाच्या वेळी मुलं सांभाळायची सोय, चाकाच्या खुर्चीला जागा, आणि अत्तर लावून येऊ नका अशी विनंती. कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या पानावर गाण्यांच्या आधी हेच सगळं छापलेलं दिसतं.

डिसेंबरमध्ये ख्रिसमसची गाणी गातात का?

काही गातात. पुष्कळांनी मात्र हिवाळ्यातल्या सर्वात मोठ्या रात्रीचा कार्यक्रम म्हणून वेगळा बेत केला, ज्यात हनुका या ज्यू सणाची गाणी, जुनी लोकगीतं, शांततेची गाणी सगळं चालतं. चर्चने दुखावलेल्या बायका कोरसमध्ये खूप. आणि तरी कार्यक्रम बऱ्याचदा युनिटेरियन किंवा क्वेकर मंडळींच्या प्रार्थनागृहातच, कारण तिथला नाद चांगला आणि भाडं कमी.

ट्रान्स स्त्रियांना जागा होती का?

सगळीकडे नव्हती. मिशिगनचा महोत्सव 'जन्माने स्त्री असलेल्यांसाठीच' या धोरणावर अडून राहिला, त्यावर वर्षानुवर्षं वाद आणि बहिष्कार झाले, आणि 2015 मध्ये तो कायमचा बंद झाला. कोरसांत हा वाद गाण्याच्या अंगाने सोडवता आला: आवाज कुठल्या पट्टीत बसतो ते बघा, शरीर कुणाचं ते नको. आज बहुतेक कोरस ट्रान्स आणि नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या) गायकांना घेतात, काहींनी नावातला 'विमेन्स' शब्दही बदलला. त्यावर नाराज होऊन सोडून गेलेल्या जुन्या सभासदही आहेत. दोन्ही बाजूंना वाटतं की आपण कोरस वाचवतोय.

2020 मध्ये काय झालं?

सगळं थांबलं. मार्चमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातल्या एका स्थानिक कोरसच्या तालमीला 61 जण आले, त्यांतल्या 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याचं मानलं गेलं, दोघांचा मृत्यू झाला. एकत्र गाणं हीच धोक्याची गोष्ट ठरली. मिनिआपोलिसमध्ये व्हायचा गालाचा महोत्सव रद्द झाला, तो तिथेच 2024 मध्ये भरला. मधल्या काळात प्रत्येकीने घरी कानाला इयरफोन लावून आपापला भाग रेकॉर्ड करायचा आणि कुणीतरी ते जुळवायचं. शेजारणीचा आवाज न ऐकता कोरस गाता येतो, पण कुणी ते आनंदाने केलं असेल असं वाटत नाही.

भारतात, महाराष्ट्रात असं काही आहे का?

ओढूनताणून साम्य दाखवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बायकांच्या एकत्र गाण्याची परंपरा जात्यापासून भोंडल्यापर्यंत आहे, पण ती वेगळ्या मुळांची. चळवळीतल्या गाण्याबद्दल विचारत असाल तर मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेचं नाव घ्यावं लागेल. संघटना 1975 ची, म्हणजे अ‍ॅना क्रूसिसच्याच वयाची. 1983 मध्ये ज्योती म्हापसेकर यांचं 'मुलगी झाली हो' आलं आणि त्यातली गाणी गावोगाव पोचली. लेस्बियन स्त्रियांचं संघटन मुंबईत 1995 मध्ये 'स्त्री संगम'पासून सुरू झालं, जे पुढे 'लेबिया' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आणि 2014 मध्ये 'रेनबो व्हॉइसेस मुंबई' हा एलजीबीटीक्यू कोरस सुरू झाला, तोही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्धचा निकाल लागायच्या चार वर्षं आधी. तो फक्त स्त्रियांचा नाही, मिश्र आहे.

पुरुषांनी कार्यक्रमाला गेलेलं चालतं का?

चालतं. सत्तरच्या दशकात फक्त स्त्रियांसाठीचे कार्यक्रमही होत. आता तिकीट काढा आणि जा. शेवटच्या गाण्याला शेजारच्या अनोळखी व्यक्तीने हात पुढे केला तर धरायचा असतो, एवढं लक्षात असू द्या.

जुने कार्यक्रम ऐकायला, बघायला मिळतील का?

थोडे. काही कोरसांनी ध्वनिफिती आणि सीडी काढल्या. बाकीचं सभासदांच्या माळ्यावर, कॅसेटांत. कॅसेटची फीत वयाबरोबर खराब होते, त्यामुळे या बाबतीत उशीर परवडणारा नाही. कागद जास्त टिकले आहेत. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधलं लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज 1974 मध्ये स्थापन झालं, वर्षानुवर्षं ते मॅनहॅटनमधल्या एका घरात होतं आणि 1993 पासून स्वतःच्या इमारतीत आहे. अशा ठिकाणी पत्रकं आणि कार्यक्रमपत्रिका जपलेल्या असतात. तुमच्या ओळखीची एखादी मावशी, काकू किंवा मैत्रीण अमेरिकेत अशा कोरसमध्ये गायली असेल तर तिच्याकडच्या पत्रिका टाकून देऊ नका. मागच्या पानावरच्या आभारांत हॉल कुणी दिला, मुलं कुणी सांभाळली, दुभाषी कोण होती हे लिहिलेलं असतं. ते दुसरीकडे कुठे सापडत नाही.